ब्रोकोली मायक्रोग्रीन्सचं वीकली सबस्क्रिप्शन: चव मस्त, पण डब्यातल्या पत्रकावर जाऊ नका

पुण्यात हल्ली मायक्रोग्रीन्स, म्हणजे भाज्यांची थोड्या दिवसांची कोवळी रोपं, घरपोच देणारे बरेच झालेत, कुणी गच्चीवर रॅक लावून करतंय कुणी एसी खोली घेऊन, आणि सगळ्यांच्या डब्यावरची भाषा साधारण सारखीच असते, म्हणून मी कुणाकडून घेतलं ते नाव टाकत नाहीये. जे लिहिणारे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल. होळीच्या आसपास सुरू केलं होतं ते पावसाळा लागेपर्यंत घेतलं, त्यामुळे उन्हाळ्यातला अनुभवही धरून लिहितेय.

प्लॅन साधा. आठवड्याला दोन डबे, एक ब्रोकोलीचा ५० ग्रॅमचा आणि एक मिक्स, ज्यात मुळा, मोहरी आणि लाल कोबी. ब्रोकोलीचा १८० ला पडायचा, मिक्स १४० ला, डिलिव्हरी फ्री. ५० ग्रॅम म्हणजे किती ते आधी सांगते कारण फोटोत डबा फार भरलेला दिसतो, प्रत्यक्षात दोन मुठी, चौघांच्या घरात दोन वेळा जेवणात वरून टाकलं की संपलं.

आता चव. इथे मात्र पैकीच्या पैकी. ब्रोकोलीचे कोंब सौम्य असतात, कोवळ्या कोबीसारखे, शेवटी जरासा कडवटपणा येतो आणि जातो. खरी मजा मिक्समध्ये आहे, मुळ्याचा कोंब पहिल्या क्षणी काहीच वाटत नाही आणि चावला की नाकात झणका, मोहरीचा तर त्याहून. पिठलं-भाकरीबरोबर कांद्याऐवजी मुळ्याचे कोंब घेऊन बघा, मी तर म्हणते कांदा परत घेणार नाही. थालीपिठावर लोणी आणि त्यावर हे. दहीभातावर पण छान लागतं. आमच्याकडे सुरुवातीला "हे गवत मला नको" असं झालं होतं, नंतर तोच माणूस फ्रीज उघडून "तिखटवालं संपलं का गं" विचारायला लागला. लाल कोबीचे कोंब दिसायला सुंदर, जांभळे दांडे वगैरे, चवीला फार काही नाही.

पॅकिंग चांगलं, डब्यात खाली टिश्यू असतो, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस आरामात टिकतात, न धुता ठेवले तर. धुऊन ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी गिळगिळीत.

तर इथपर्यंत सगळं ठीक. माझी तक्रार आहे ती डब्याबरोबर येणाऱ्या पत्रकाबद्दल. मी बरीच वर्षं एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या दर्जाच्या तपासणीला, काढली आहेत त्यामुळे लेबल वाचायची खोड आहे, जाता जात नाही. पत्रकावर लिहिलेलं होतं की साध्या ब्रोकोलीपेक्षा "१०० पट सल्फोराफेन" (ब्रोकोली चिरली-चावली की तयार होणारं एक द्रव्य, पुढे सांगते), "कॅन्सरपासून संरक्षण", "शुगर कंट्रोल", आणि कहर म्हणजे "थायरॉइडसाठी उत्तम". अन्नपदार्थ विकताना रोग टाळतो बरा करतो असं लिहायला मुळात परवानगी नसते हे एक झालंच, पण तो १०० चा आकडा कुठून आला ते मला माहीत होतं, आणि तो ह्या डब्यातल्या मालाचा नाहीये.

तो आकडा अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले म्हणून शास्त्रज्ञ होते, २०१९ मध्ये वारले, त्यांच्या लॅबने १९९२ मध्ये ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढून दाखवलं की हे शरीरातली विषारी पदार्थ निकामी करणारी एन्झाइम्स वाढवतं. मग १९९७ मध्ये त्यांनी आणि जेड फाही वगैरे सहकाऱ्यांनी असं छापलं की ३ दिवसांच्या ब्रोकोली स्प्राउट्समध्ये, वजनाला वजन धरून, पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीपेक्षा ग्लुकोराफेनिन १० ते १०० पट असतं. आता नीट बघा. एक, ते १० ते १०० आहे, पत्रकात १० गायब. दोन, ते ग्लुकोराफेनिन आहे, म्हणजे सल्फोराफेन ज्यापासून तयार होतं तो कच्चा माल. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ते ३ दिवसांच्या स्प्राउट्सचं आहे, मटकीला मोड आणतो तसे बी-मुळासकट खायचे कोंब. डब्यात येतात ती मायक्रोग्रीन्स, मातीत किंवा कोकोपीटवर आठ-बारा दिवस वाढवून वरून कात्रीने कापलेली.

फरक का पडतो तर हा सगळा माल बी मध्येच भरून ठेवलेला असतो, झाडाने आपल्या पिल्लाला दिलेली शिदोरी म्हणा. कोंब जसा वाढतो, पाणी पितो, पानं काढतो तसा तोच माल जास्त वजनात वाटला जातो आणि दर ग्रॅमला कमी कमी होत जातो. म्हणून दहा दिवसांच्या पानांना तीन दिवसांच्या मोडांचा आकडा चिकटवायचा म्हणजे जरा जास्तच होतं. मी कस्टमर केअरला व्हॉट्सॅपवर विचारलं की कापणी कितव्या दिवशी करता आणि तुमच्या मालाची टेस्ट करून घेतली आहे का, तर उत्तरात तेच पत्रक पीडीएफ करून आलं. आणि एक हार्टचा इमोजी.

पुढची गंमत ऐका. डब्यात एक रेसिपी कार्ड पण असतं, त्यावर पहिलीच रेसिपी काय तर ब्रोकोली मायक्रोग्रीन्सचं सूप, मायक्रोग्रीन्स पाण्यात घालून १० मिनिटं उकळा. अहो मग घेतलं कशाला!

ह्याचं कारण सांगते, जरा केमिस्ट्री आहे पण आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, सलगम, मोहरी, अळीव ही सगळी एकाच कुळातली मंडळी. ह्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकवाली द्रव्यं असतात, आणि शेजारी पण वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. दोघं वेगळी असेपर्यंत काहीच नाही. अळीने पान कुरतडलं, आपण सुरी चालवली किंवा दाताखाली चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि तो झणझणीत, नाकात जाणारा पदार्थ तयार होतो. मोहरीत त्याचं एक रूप, मुळ्यात दुसरं, ब्रोकोलीत सल्फोराफेन. म्हणूनच अख्खी मोहरी नुसती हुंगली तर वास नाही, वाटली की डोळ्यात पाणी. झाडासाठी हे अळ्यांना पळवायचं हत्यार आहे, आपल्या तब्येतीसाठी त्याने बनवलेलं नाही! आणि कोबीवाल्या शेतकऱ्यांना माहीत असलेला तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, त्याच्या अळीने ह्यावरही तोड काढली आहे, तिच्या पोटातलं एन्झाइम ग्लुकोसिनोलेटची अशी वाट लावतं की हत्यार चालतच नाही. म्हणून तर ती कोबीवर मजेत जगते, आणि कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी लावतात त्या ह्याच पतंगाला तिकडे ओढून घ्यायला.

तर मुद्दा असा की मायरोसिनेजला उष्णता सोसत नाही. दहा मिनिटं उकळलं की ते मेलं, मग कच्चा माल आहे पण कारागीर नाही. आतड्यातले जिवाणू थोडंफार काम करतात, पण ते माणसागणिक फार बदलतं, कुणाचं जास्त कुणाचं अगदीच कमी. सल्फोराफेनच्या कॅप्सूल मिळतात त्यातही हेच बघायचं, नुसतं ग्लुकोराफेनिन भरलंय की बरोबर मायरोसिनेज पण आहे. (कॅप्सूल मी घेतल्या नाहीत, घेणारही नाही, त्या पैशात महिन्याची भाजी येते.) फ्रोजन ब्रोकोलीचं पण तसंच, फ्रीज करण्याआधी ती गरम पाण्यातून काढतात त्यात एन्झाइम जातं, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हे तपासलेलं आहे, आणि त्यांनीच दाखवलं की अशा ब्रोकोलीत किंचित मुळ्याची पूड घातली तर काम परत सुरू होतं, कारण मुळ्याचं एन्झाइम शाबूत असतं.

आणि मोहरीचं तर अजून भारी. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात २०१८ मध्ये १२ जणांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली दिली, एकदा नुसती आणि एकदा त्यावर १ ग्रॅम मोहरीची पूड टाकून, आणि मग त्यांच्या लघवीतून सल्फोराफेनपासून झालेली द्रव्यं मोजली, मोहरीवाल्या वेळी ती चौपटीहून जास्त भरली. एक ग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत दोनदा येईल एवढी! आणि मोहरी कुठली, तर तपकिरी, म्हणजे आपल्या डब्यातली तीच.

ही मोहरी फोडणीतली नाही हं. कडकडीत तेलात तडतडली की एन्झाइमचं काम संपलं, म्हणून फोडणीची मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही. इथे लागते ती फेसलेली. आमच्या सासूबाई काकडीच्या कोशिंबिरीला आणि केळ्याच्या रायत्याला मोहरी फेसतात ते मी मुद्दाम उभं राहून बघितलं. पितळी खलात चमचाभर मोहरी, आधी कोरडीच कुटून घेतात, सालं काळपट आणि आतून पिवळा भुगा दिसायला लागला की गार पाण्याचे थेंब, एकदम नाही, बोटाने शिंपडत शिंपडत, आणि बत्ता गोल फिरवत राहायचं. आधी चिकट गोळा होतो, मग रंग फिका पडत जातो, मग कडेने फेस धरतो, आणि तेवढ्यात असा काही वास वर येतो की मी दोन पावलं मागे. मी म्हटलं आई गरम पाणी घालू का पटकन होईल, तर "गरम घातलंस तर नुसती कडू होईल, झणका यायचा नाही". एन्झाइमचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नसेल पण गरम पाण्याने काय होतं ते पक्कं ठाऊक. मग ती वाटीत काढून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवतात, दह्यात नंतर घालतात. गोव्याकडे सासव करतात त्यात पण मोहरी वाटूनच असते.

त्यामुळे मी आता ब्रोकोलीची भाजी करताना काय करते तर तुरे बारीक चिरून तासभर तशीच ताटात ठेवते, मग कढईत झाकण न ठेवता दोन मिनिटं परतते, आणि उतरवल्यावर, थोडी निवली की वरून पाव चमचा मोहरीची ताजी पूड नाहीतर फेसलेली मोहरी दह्यात कालवून. चिरून ठेवण्यामागे पण अभ्यास आहे, चीनमध्ये झालेला, तिथे ब्रोकोली २ मिलिमीटरचे तुकडे करून ९० मिनिटं ठेवून मग परतली तर चिरल्या चिरल्या परतलेल्यापेक्षा २.८ पट सल्फोराफेन मिळालं. म्हणजे परतायच्या आधीच कारागिराला काम उरकायला वेळ द्यायचा. आणि ब्रोकोलीच हवी असंही काही नाही, कोबीची पचडी आपण कच्चीच करतो की, बारीक चिरून, मीठ लावून, लिंबू. कोबीत सल्फोराफेनचा माल कमी पण त्याची भावंडं आहेत. मुळ्याची कोशिंबीर, डिंगऱ्या मिळतात तेव्हा त्या. त्या मानाने कोबीचा गड्डा तीस-चाळीस रुपयांत, आणि आठवडाभर पुरतो.

आता तब्येतीच्या दाव्यांचं. सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, ह्यावर खरंच चांगलं काम झालंय. चीनमध्ये चिडोंग म्हणून भाग आहे, हवा फार खराब, तिथे २९१ लोकांना १२ आठवडे रोज ब्रोकोली स्प्राउट्सचं पेय दिलं, २०१४ ला छापून आलं, तर ते पिणाऱ्यांच्या लघवीतून बेंझिनचा, म्हणजे गाड्यांच्या धुरातल्या एका विषारी रसायनाचा, निचरा न पिणाऱ्यांपेक्षा ६१ टक्के जास्त झाला. पुण्यात चांदणी चौकातून रोज दुचाकीवर जाणाऱ्याला हे वाचून बरं वाटेल, मलाही वाटलं. स्वीडनमध्ये २०१७ ला टाइप २ डायबेटिसच्या ९७ जणांवर स्प्राउट्सच्या अर्काचा प्रयोग झाला, त्यात वजन जास्त आणि शुगर हाताबाहेर गेलेली अशा लोकांची उपाशीपोटीची शुगर उतरली. पण तो कॉन्सन्ट्रेटेड अर्क होता, मोजून रोज दिलेला, आणि डॉक्टरांची औषधं चालू ठेवून. दोन मुठी मायक्रोग्रीन्स थालीपिठावर टाकून तसंच होईल असं कुणी दाखवलेलं नाही. आणि कॅन्सर टळतो हे माणसांत सिद्ध झालेलं नाही, भाज्या जास्त खाणाऱ्यांच्या पाहण्यांतून आशा वाटावी असं काही दिसतं, काहींत दिसत पण नाही, बाकी बरंचसं उंदीर आणि पेशींवरचं आहे. पत्रकात त्यातलं "संभवतः" काढून टाकलं की झाली जाहिरात.

थायरॉइडवाला दावा मात्र सरळ उलटा आहे, त्यावर मी त्यांना लिहून पण कळवलं. ह्या कुळातल्या काही द्रव्यांपासून असे पदार्थ होतात जे थायरॉइडला आयोडीन घेताना अडवतात. घाबरू नका, आयोडीनचं मीठ खाणाऱ्याने मूठभर खाल्लं तर काही होत नाही. २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका ८८ वर्षांच्या बाईंची केस छापून आली होती, थायरॉइड बंद पडून त्या अत्यवस्थ झाल्या, पण त्या कित्येक महिने रोज १ ते दीड किलो कच्चं बोक चॉय (कोबीच्याच कुळातली एक चिनी पालेभाजी) खात होत्या. किलो! तेवढं आपण खात नाही. तरीपण ज्याला आधीच त्रास आहे त्याला "उत्तम" म्हणून विकायचं हे बरोबर नाही. आणि घरात कुणी वॉरफरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर अशा हिरव्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, एकदम सुरू एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून काय ते.

सर्व्हिसबद्दल. मार्च-एप्रिल उत्तम. मे मध्ये दुपारची डिलिव्हरी यायला लागली, डबा उघडला की आतून वाफ धरलेली आणि पानं लोळलेली, एकदा तर मिक्सला आंबूस वास होता, टाकून दिला. फोटो पाठवल्यावर पुढच्या आठवड्यात बदली डबा दिला, वाद घातला नाही, हे चांगलं. ह्या बाबतीत मी कडक आहे कारण कच्चे कोंब म्हणजे जिवाणूंना पण आवडती जागा, ऊब आणि ओल दोन्ही. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या कच्च्या मोडांवरून ई. कोलाय ह्या जिवाणूची साथ आली होती, ५० हून जास्त माणसं गेली. वरून कापलेल्या मायक्रोग्रीन्सना बी-मुळासकटच्या स्प्राउट्सपेक्षा धोका कमी धरतात पण शून्य नाही. गरोदर बाई, अगदी लहान मूल, केमो चालू असलेलं माणूस ह्यांना मी कच्चं देणार नाही.

एकदा लाइव्ह ट्रे पण मागवला, म्हणजे मातीसकट, हवं तसं घरी कापायचं. त्यात मुळाशी पांढरी लव दिसली, मी बुरशी समजून फोन केला तर त्या मुलाने सांगितलं मॅडम पाण्याचा स्प्रे मारा, बसली तर मुळांची लव आहे, जाळ्यासारखी तशीच राहिली तर बुरशी. मारला, बसली. हा मुलगा पत्रक लिहायला बसवायला पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर ट्रे परवडतो, डबे नाही. आणि खरं सांगू का, मोहरी आणि अळीव घरी येतात, काही कठीण नाही. पसरट डब्यात ओला सुती कपडा, त्यावर डब्यातलीच मोहरी पसरायची, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, आठवड्याने कापायला येतात. अळीव भिजवू नका, चिकट बुळबुळीत होतो, कोराच ओल्या कपड्यावर भुरभुरायचा. एकच लक्षात ठेवा, शेतीच्या दुकानातून कोबीचं मुळ्याचं पेरणीचं बी आणून हे करू नका, त्याला बऱ्याचदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी निळा रंग दिसतो तो त्याचाच. वाणसामानातलं नाहीतर खास मायक्रोग्रीन्ससाठी म्हणून विकतात ते बिनऔषधाचं बी.

आम्ही ब्रोकोलीचा डबा बंद केला, मुळ्याचा लाइव्ह ट्रे पंधरा दिवसातून एकदा चालू ठेवलाय. रेटिंग द्यायचं तर चवीला ५ पैकी साडेचार, ताजेपणाला उन्हाळा सोडून ४, किमतीला अडीच, पत्रकाला शून्य. घेणार असाल तर सकाळी ९ च्या आतला स्लॉट मागा, मिक्स घ्या, आणि आधी एकच डबा मागवून बघा, तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, मधेच बंद केलं तर रिफंड वॉलेटमध्ये येतो, बँकेत नाही.